भंगारातल्या इंजिनाला नाव देण्याआधी

आमच्या बुऱ्हाणपुरात जुन्या वस्तूला गोष्ट चिकटायला वेळ लागत नाही. मुमताजमहल १६३१ साली इथेच वारली, खानखानाच्या काळातला कुंडी भंडारा आजही पाणी देतो, राजघाटावर तापीच्या पात्रात दगडी हत्ती उभा आहे. त्यामुळे राजघाटाच्या रस्त्यावरच्या एका शेडमध्ये ‘स्पिटफायरचं इंजिन’ आलंय ही बातमी माझ्यापर्यंत पोचली, तोवर अर्ध्या गावाने ती खरी धरली होती. आणणारा तरुण माझ्या ओळखीचा. हौशी, प्रामाणिक, खिशातले पैसे घालून जुन्या वस्तू जमवणारा. घाटावर येणाऱ्या लोकांना बघता यावं म्हणून ते तुकडे काचेच्या पेटीत मांडायचे, असा त्याचा बेत होता. मी हवाई दलात डाकोटा विमानांच्या इंजिनांवर काम केलेलं, म्हणून पाटीवर काय लिहायचं हे विचारायला तो माझ्याकडे आला.

विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं की हे मुंबईच्या गोदीतलं आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि त्या जहाजावर खोक्यांत भरलेली स्पिटफायर विमानं खरोखरच होती. गोष्टीतला एवढा भाग पक्का असल्यामुळे पुढचा भागही पटतो. पण जहाजावर विमानं होती, याने समोरचा धातूचा तुकडा त्याच जहाजावरचा ठरत नाही. तो तुकडा स्वतः काय सांगतो, ते आधी ऐकायला हवं.

मी शेडमध्ये गेलो तेव्हा तुकडे धुऊन चकचकीत केलेले होते, आणि खरं नुकसान तिथेच झालं होतं. आपल्याकडे कापडावर प्रक्रिया करणाऱ्यांकडे कॉस्टिक सोडा सहज मिळतो. कुणीतरी सल्ला दिला म्हणून क्रँककेसचा तुकडा रात्रभर कॉस्टिकच्या पिंपात टाकून ठेवला होता. कॉस्टिकमध्ये अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. बंद खोलीत एखादी काडी पेटली असती तर वेगळंच काही लिहावं लागलं असतं. तुकड्याचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा झाला होता आणि ठोकून उमटवलेले आकडे बोटाला लागेनासे झाले होते. इंजिनावरची पितळी पाटी तर विकणाऱ्याने आधीच काढून वेगळी विकली होती. ज्या दोन गोष्टींनी काही मिनिटांत उत्तर दिलं असतं, त्या दोन्ही गेल्या. म्हणून पहिली विनंती हीच: असा तुकडा हाती आला तर तो धुऊ नका. मऊ ब्रशने माती झाडा, थोडं रॉकेल लावा, तिरप्या उजेडात प्रत्येक बाजूचे फोटो काढा आणि दिसेल तो आकडा, अक्षर, शिक्का वहीत जसाच्या तसा उतरवा. अर्थ नंतर लागतो. वायर ब्रश आणि ग्राइंडर तर जवळसुद्धा आणू नका.

ग्राइंडरचं आणखी एका कारणासाठी सांगतो. त्या काळच्या इंजिनांत काही आवरणं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असत. ग्राइंडरने किंवा गॅस कटरने ते पेटलं तर पाणी टाकून विझत नाही, उलट भडकतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा पोकळ असून त्यात थंडाव्यासाठी सोडियम भरलेलं असतं. दांडा जाडजूड दिसला तर ‘आत काय आहे बघू’ म्हणून करवत लावू नका. सोडियम आणि पाणी एकत्र आलं की स्फोट होतो. बरोबर जुने डायल आले असतील तर अंधारात चमकणारा त्यांचा रंग रेडियमचा असू शकतो, तोही खरवडू नये. आणि ढिगात काडतूस किंवा तत्सम काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

आता तुकड्यांकडे वळू. तिथे एक सिलिंडर ब्लॉक होता, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लगची भोकं. दोन कनेक्टिंग रॉड होते, एक दुबेळक्याचा आणि त्या बेळक्यात बसणारा दुसरा साधा. म्हणजे इंजिन ‘व्ही’ आकाराचं, समोरासमोरचे दोन सिलिंडर एकाच क्रँकपिनवर. व्हर्नियरने लायनरच्या खालच्या, कमी झिजलेल्या भागात बोअर, म्हणजे आतला व्यास, घेतला तो १३७ मिलिमीटरच्या जरा वर भरला. रोल्स-रॉइस मर्लिनचा बोअर ५.४ इंच, म्हणजे १३७.२ मिलिमीटर. हरिकेन आणि बहुतेक स्पिटफायर याच मर्लिनवर उडत. तरुणाचा चेहरा उजळला. “काका, म्हणजे ठरलं ना?” ठरलं नव्हतं, कारण हेच माप, हाच बारा सिलिंडरचा साचा आणखी एका इंजिनाचा आहे: मीटिओर. विमानाच्या मर्लिनवरूनच ब्रिटिशांनी रणगाड्यासाठी ते घडवलं. आपल्या लष्कराच्या सेंच्युरियन रणगाड्यांत तेच होतं, १९६५ आणि १९७१ च्या लढायांत हे रणगाडे होते. पुढे ते मोडीत निघाले, भंगार बाजारभर पसरलं. आपल्या भागात मर्लिनच्या मापाचा तुकडा सापडला तर तो आकाशातला असण्यापेक्षा जमिनीवरचा असण्याची शक्यता मी जास्त धरतो.

सिलिंडर ब्लॉकवरून तर निकाल देऊच नये. युद्धाच्या धामधुमीत ब्लॉकचा तुटवडा पडला तेव्हा जुन्या मर्लिनचे ब्लॉक काढून मीटिओरला बसवले गेले. म्हणजे ब्लॉक अस्सल विमानी आणि इंजिन रणगाड्याचं, असंही असू शकतं. फरक बघायचा तो दोन टोकांना. विमानाला पंखा फिरवायचा असतो आणि पंखा क्रँकशाफ्टपेक्षा सावकाश फिरावा लागतो, म्हणून मर्लिनच्या पुढच्या टोकाला गिअरची बैठक असते आणि पंख्याचा दांडा क्रँकशाफ्टच्या रेषेच्या वर येतो. मागच्या टोकाला सुपरचार्जर, कारण वर हवा विरळ. रणगाड्याला दोन्हींची गरज नाही. शिवाय मीटिओर मर्लिनच्या उलट्या दिशेने फिरतं. एखाद्या भागावर फिरण्याचा बाण उरला असेल तर तो सोन्यासारखा जपा. आमच्या क्रँककेसच्या तुकड्याला सुदैवाने पुढचं टोक शिल्लक होतं आणि तिथे गिअरच्या बैठकीचा मागमूस नव्हता. इंजिन रणगाड्याचंच.

आट्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही सावध करतो. आटे ब्रिटिश मापाचे, म्हणजे इंजिन इंग्लंडचं, असं फिटर लोक सर्रास म्हणतात. पण अमेरिकेत डेट्रॉइटला पॅकार्ड कंपनीने बनवलेल्या मर्लिनलाही ब्रिटिश आटेच होते. आट्यांवरून आराखडा कुणाचा ते कळतं, कारखाना कुठला ते नाही.

ढिगाच्या तळाशी मात्र एक वेगळंच निघालं: हवेने थंड होणारा, बारीक पात्यांच्या कड्या असलेला सुटा सिलिंडर. तो हातात घेताच मला ओळखीचा वाटला, तरी आधी माप घेतलं. बोअर १३९.७ मिलिमीटर. हे प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वॉस्प, दोन रांगांत सात-सात असे चौदा सिलिंडर. आयुष्यातली उमेदीची वर्षं मी याच इंजिनापाशी घालवली. हा तुकडा विमानाचा. पण कुठल्या? डाकोटाला हेच इंजिन, लिबरेटर बॉम्बरला हेच, कॅटालिना या समुद्री विमानालाही हेच. अशी एकूण १,७३,००० च्या वर इंजिनं बनली. युद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेली लिबरेटर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने पुन्हा उभी केली आणि त्यांतली काही पुण्याच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये १९६८ पर्यंत उडत होती. एका सिलिंडरवरून यातलं एकही विमान निवडता येत नाही, आणि निवडूही नये.

हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरचा फक्त बोअर मोजून थांबणंही धोक्याचं. १४६ मिलिमीटर भरला तर तो थंडरबोल्टच्या डबल वॉस्पचा असेल, ब्लेनहाइमच्या मर्क्युरीचा असेल किंवा बोफायटरच्या हर्क्युलिसचा. तिथे डोकं बघायचं. हर्क्युलिसच्या सिलिंडरला व्हॉल्व्हच नसतात. भिंतीला खिडक्या आणि आत सरकणारी बाही असते. मर्क्युरीला चार व्हॉल्व्ह, डबल वॉस्पला दोन. क्रँकशाफ्ट मिळाला तर त्याच्या मधल्या अक्षापासून क्रँकपिनच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, हाती येते. बोअर, स्ट्रोक, व्हॉल्व्ह आणि सिलिंडरची मांडणी या चारांची जुळणी झाली की चूक व्हायला जागा फार उरत नाही. आणि १२७ मिलिमीटर बोअरचं, नऊ सिलिंडर ताऱ्यासारखे मांडलेलं इंजिन मिळालं तर पुन्हा रणगाडा आठवा: राइट कंपनीचं विमानाचं इंजिन शर्मन रणगाड्यांतही बसवलेलं होतं. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये शर्मन आणि सेंच्युरियन दोन्ही बघायला मिळतात. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर, हरिकेन, लिबरेटर आहेत. संशय असेल तर फोटो घेऊन तिथे जावं, समोर ठेवून जुळवावं.

आकडे शाबूत असतील तर डर्बीचं रोल्स-रॉइस हेरिटेज ट्रस्ट आणि लंडनचं आरएएफ म्युझियम यांच्याकडे लिहून विचारता येतं. फक्त एक लक्षात ठेवा: इंजिनाचा नंबर आणि विमानाचा नंबर वेगळे. ठरावीक तास उडालं की इंजिन उतरवून दुसरं चढवलं जाई. एकच इंजिन दोन-तीन विमानांत राहून गेलेलं असे. इंजिनाच्या नंबरावरून वैमानिकाच्या नावापर्यंत उडी मारणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. कुणाच्या तरी मुलाच्या मृत्यूशी ते नाव जोडलेलं असतं.

तरुणाला वाईट वाटलं, पण त्याने ऐकलं. पेटीवर आता दोन पाट्या आहेत: ‘मीटिओर रणगाडा-इंजिनाचे भाग’ आणि ‘ट्विन वॉस्प विमान-इंजिनाचा एक सिलिंडर, विमान अज्ञात’. घाटावरून येणारी माणसं दोन्हींसमोर सारखीच थांबतात, प्रश्न विचारतात.

आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षं जुनी वस्तूच पुरावस्तू ठरते, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या अशा अवशेषांना अजून त्याचं संरक्षण नाही. ते सांभाळणं आज आपल्यावरच आहे. बुऱ्हाणपूर, खंडवा, रावेर, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात कुणाच्या गोठ्यात, गॅरेजमध्ये किंवा भंगारात असा तुकडा असेल तर तो कापू नका, धुऊ नका, पाटी वेगळी विकू नका. आधी फोटो काढा, मापं घ्या आणि जाणत्या माणसाला दाखवा.