कारण विचारू नका, कागद मागा

मैत्रिणींनो, आठवडी बाजाराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे उठून, भाजीच्या पाट्या आणि गटाचे पापड-लोणचं घेऊन तुम्ही वडापनं तालुक्याच्या गावी जाता. जागा धरून बसता न बसता तोच बाजार वसुलीवाला येतो. समजा, तो म्हणतो, "काढा पन्नास." पावती मागितली तर मिळत नाही, नाहीतर पावतीवर वीस रुपये असतात. नगरपंचायतीत विचारलं की म्हणतात, "ठेकेदाराला विचारा." आणि ठेकेदार म्हणतो, "हपिसात विचारा."

आता हिशेब मांडू. एका बाजाराला ३० रुपये जास्त गेले, तर वर्षाच्या ५२ बाजारांचे १,५६० रुपये होतात. महिन्याला १०० रुपये बचत करणाऱ्या ताईची वर्षाची बचत १,२०० रुपये. म्हणजे बचतीपेक्षा जास्त पैसा हातातून गेला, आणि तो बरोबर गेला की चुकीचा, हेही आपल्याला माहीत नाही.

उत्तर कपाटात आहे

आपल्या गटात ठरावाचं रजिस्टर असतं, रोखवही असते. कोणतीही सदस्य बैठकीत ती उघडून बघू शकते. नगरपंचायतीचंही तसंच आहे. बाजार फीचा दर सभेत ठराव करून ठरतो. वसुली ठेक्यानं दिली असेल, तर ठेकेदाराशी करारनामा झालेला असतो. किती पैसे घ्यायचे, पावती कशी द्यायची हे त्यात बघायला मिळतं. हे सगळं सरकारी कागद आहेत, आणि ते बघण्याचा हक्क आपल्याला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नं दिला आहे. आपण खेड्यातल्या, त्या शहराच्या मतदार नाही, म्हणून कोणी अडवू शकत नाही. भारताची कोणतीही नागरिक अर्ज करू शकते.

हा हक्क आपल्यासारख्याच बायामाणसांनी झगडून मिळवलेला आहे. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेच्या मजूर स्त्री-पुरुषांनी कामाची हजेरीपत्रकं आणि बिलं बघायला मागितली. त्यासाठी १९९६ साली ब्यावर शहरात ते ४० दिवस धरणं धरून बसले होते.

अर्ज कुठे फसतो?

आपण रागात लिहितो, "आमच्याकडून जास्त पैसे का घेतले जातात? ठेकेदारावर कारवाई का होत नाही?" ही तक्रार झाली. माहिती अधिकारात अधिकाऱ्यानं जो कागद कार्यालयात आहे तो द्यायचा असतो. 'का' याचा खुलासा करायला तो बांधील नाही. असा अर्ज सहज परत येतो. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कारण विचारायचं नाही, कागद मागायचा. अर्जात असं लिहा:

"विषय: आठवडी बाजार फी वसुली. कालावधी: चालू आर्थिक वर्ष. पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. (१) बाजार फीचे दर मंजूर केल्याचा सभेचा ठराव. (२) मंजूर दरपत्रक. (३) वसुलीच्या ठेकेदाराशी केलेला करारनामा, अटी-शर्तींसह. (४) ठेकेदाराने कार्यालयात भरलेल्या रकमेच्या पावत्या."

एवढंच. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय घ्यावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवावा. रस्त्यावरचे दिवे, पाणी, गटार यासाठी वेगळा अर्ज करा.

अर्ज देताना

• अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात करा आणि 'जन माहिती अधिकारी' यांच्या नावे द्या. कार्यालयात त्यांच्या नावाचा फलक असतो.

• अर्ज गटाच्या नावानं नको. हक्क नागरिकाचा आहे, म्हणून एका ताईनं स्वतःच्या नावानं करावा. सोबत मात्र दोघी-तिघी जा.

• शुल्क १० रुपये. रोख भरून पावती घ्या किंवा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील ताईला शुल्क नाही. दाखल्याची प्रत जोडावी.

• "कशाला पाहिजे?" असं विचारलं तर घाबरू नका. कलम ६(२) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही.

• लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. ते लिहून काढायला मदत करणं अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

• अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ही पोच नसेल तर पुढचं काहीच सिद्ध करता येत नाही.

३० दिवस मोजा

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. आधी किती पानं आहेत आणि किती पैसे भरायचे याचं पत्र येईल. साध्या पानाला २ रुपये पडतात. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. मुदत टळल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते.

काहीच आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा. त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो.

काय मागावं तेच कळत नसेल, तर अर्जात कागद 'पाहायला' मागा. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. फाईल चाळा, हवी ती पानं टिपून घ्या आणि तेवढ्याच्याच प्रती मागा. पैसेही वाचतात.

कागद हातात आल्यावर

घाई करू नका. दरपत्रक बैठकीत मोठ्यानं वाचा. कधीकधी पन्नास हाच मंजूर दर निघेल. मग भांडण मिटलं, आणि दर कमी करा असं निवेदन देता येईल. पण दर वीस निघाला, तर तक्रारीची वेळ आता आली. मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, दरपत्रकाची प्रत आणि जवळच्या पावत्या जोडा. आता तुमच्या बोलण्यामागे त्यांच्याच शिक्क्याचा कागद आहे. बाजारात मात्र वसुलीवाल्या पोराशी हुज्जत घालू नका. दरपत्रकाची झेरॉक्स पाटीजवळ ठेवा आणि पावतीवरचेच पैसे द्या.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीनं एक 'का' सांगावा. पाणी का येत नाही, दाखला का अडला, काहीही. मग सगळ्यांनी मिळून शोधा, की याचं उत्तर कोणत्या कागदात असेल? जो कागद सापडेल त्याचं नाव ठरावाच्या रजिस्टरात लिहा. निम्मा अर्ज तिथेच तयार झाला.