बिबट्या शिवारात असताना शून्याचा हट्ट नको

बिबट्याच्या हल्ल्यातून वाचलेल्या माणसाची जखम भरते. पण उसाचं पाचट सळसळलं की छाती धडधडते, घाम फुटतो, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतो. महिना उलटूनही हे थांबलं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञ ईएमडीआर सुचवू शकतात. थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवत ती आठवण मनात आणायची, अशी ही पद्धत. अमेरिकेत फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून ती घडवली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये तिची शिफारस केली.

जुन्नरमधल्या बोरी बुद्रुकहून अशा उपचाराला कुणी जात असेल, तर घरचे विचारणारच, गुण येतोय का? त्यासाठी आकडे असतात. आठवणीचा त्रास ० ते १० मध्ये किती, आणि मनाशी ठरवलेलं चांगलं वाक्य १ ते ७ मध्ये किती खरं वाटतं. सत्र संपताना त्रास आठावरून एकवर आला की सगळे खूश. मी एवढ्यावर खूश होत नाही. पुढच्या सत्राच्या सुरुवातीला तोच प्रसंग पुन्हा आठवायला लावतात, खरी तपासणी ती. मधल्या दिवसांतली झोप, स्वप्नं, चिडचिडही विचारतात. वहीत दोन ओळी लिहून न्या. आकडा पुन्हा चढला म्हणजे उपचार फसला असं नाही. बऱ्याचदा आठवणीचा दबलेला तुकडा वर आलेला असतो. मात्र सत्रांमागून सत्रं होऊनही काहीच हलत नसेल, तर थेरपिस्टना स्पष्ट विचारा. त्यात भीड कसली?

आणि ते चांगलं वाक्य जपून निवडा. जुन्नरच्या उसात बिबट्या आजही आहे, तेव्हा ‘मला आता धोका नाही’ हे मनाला पटणार कसं? ‘तो प्रसंग संपला, मी वाचलो’ हे पटतं. रात्रीच्या लाईटला दारं धरायला जाताना बॅटरी आणि सोबत घेणं हा आजार नव्हे. भरदुपारी अंगणात पाऊल न टाकवणं, हा आजार. म्हणून त्रासाचा आकडा शून्यावरच यावा, हा हट्ट नको.

गुण आला का हे बघताना ऋतूही पाहा. आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली. असं काही सोसलेल्या माणसाला उन्हाळ्यात बरं वाटलं, तरी पहिल्या मुसळधार पावसानंतर एकदा आढावा घ्यावाच.

दोन सत्रांच्या मध्ये जीव नकोसा वाटला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. थेरपिस्टना कळवा, किंवा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा. मराठीत बोलता येतं.