घराण्यात चालणारा मज्जारोग आणि योग्य डॉक्टरांचा शोध

भाद्रपदाच्या कृष्णपक्षात आपल्या राजघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले म्हणजे एक गोष्ट सहज नजरेत भरते. तापीच्या पाण्यात उभा राहून तर्पण करणारा गृहस्थ, मग तो कितीही कमी शिकलेला असो, आपल्या वडिलांचे, आजोबांचे व पणजोबांचे नाव बिनचूक उच्चारतो. आईच्या माहेरची नावेही घेतो. नाव चुकू नये म्हणून घरची वडील माणसे ती आधी कागदावर उतरवून देतात. पण त्याच गृहस्थाला विचारावे की, "आपले आजोबा कोणत्या दुखण्याने गेले?" तर बहुधा उत्तर येते, "वाताने गेले", "पाय गेले होते", "अंथरुणाला खिळले होते". नावे जपली गेली, दुखणी मात्र विसरली गेली.

बहुतेक घरांत हे विसरणे चालून जाते. परंतु काही थोडी घराणी अशी असतात की ज्यांत मज्जासंस्थेचा एखादा दुर्मिळ रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. अशा घराला हे विसरणे फार महाग पडते. न्यासाच्या या स्मरणिकेत चार हिताच्या गोष्टी असाव्यात, म्हणून अशा रोगाकरिता योग्य डॉक्टर कसा शोधावा, याचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

रोग कसा दिसतो

कल्पना करा की एक पस्तिशीचा कर्ता पुरुष आहे. काल-परवापर्यंत घाटाच्या पायऱ्या भरभर उतरणारा हा माणूस आता कोणाचा तरी हात धरतो. चालताना पाय फाकतात, तोल जातो, अक्षर बिघडते, जीभ जड होते. रस्त्यावरचे लोक म्हणतात, "दिवसाच घेऊन आलेला दिसतो." ज्याने जन्मात दारूला स्पर्श केला नाही, त्याला हे ऐकून घ्यावे लागते. मग घरच्यांची धावाधाव सुरू होते. कोणी हाडांच्या डॉक्टरकडे नेतो, कोणी कानाच्या, कोणी ताकदीची इंजेक्शने देववितो, तर कोणी करणी उतरवायला घेऊन जातो. दोन-चार वर्षे निघून जातात, घरातील सोने मोडले जाते आणि रोगाला अद्याप नावही मिळालेले नसते.

अशा रोग्याचे हातपाय पुष्कळदा लुळे पडलेले नसतात. शरीराचा तोल व हालचालींचा मेळ राखण्याचे काम लहान मेंदू करतो, आणि बिघाड तेथे असतो. लहान मेंदूच्या अशा आनुवंशिक विकारांना डॉक्टर 'अटॅक्सिया' या सामान्य नावाने ओळखतात. त्यांचे अनेक प्रकार आहेत, आणि कोणता प्रकार हे ठरविण्यातच खरे कौशल्य आहे.

मुंबईतील नऊ घराणी

या बाबतीत मुंबईत घडलेली एक हकीकत प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जे. जे. रुग्णालयात मज्जारोगांचे नामवंत तज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया काम करीत असत. तोल जाणारे जे रोगी त्यांच्याकडे येत, त्यांतील काहींची एक खूण त्यांच्या लक्षात आली. आपण एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे पाहतो, तेव्हा डोळ्यांची बुबुळे क्षणार्धात उडी मारतात. या रोग्यांची बुबुळे मात्र सावकाश सरकत. वाडियांनी एकेका रोग्यावर न थांबता त्यांच्या घरच्या मंडळींचीही तपासणी केली, आणि तीच खूण त्यांच्या आजारी आप्तांतही आढळली. १९७१ साली डॉ. वाडिया व डॉ. स्वामी यांनी अशा नऊ घराण्यांचे वर्णन 'ब्रेन' या इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध केले व हा घराण्यात चालणारा एक वेगळाच प्रकार असल्याचे मांडले.

त्या वेळी जनुकाची तपासणी करण्याची सोय नव्हती. पुढे १९९३ साली क्यूबा देशातील अशाच कुटुंबांवरून या रोगाची जागा बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले, आणि १९९६ साली तीन निरनिराळ्या संशोधक-गटांनी ते जनुक हुडकून काढले. आज हा रोग 'एस. सी. ए. २' या नावाने ओळखला जातो. १९९८ साली वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा भारतीय घराण्यांची जनुकतपासणी प्रसिद्ध केली, आणि रोग ओळखण्यात डोळ्यांच्या त्या मंद हालचालीचे किती महत्त्व आहे, हे पुन्हा दाखविले. जे यंत्राने १९९६ नंतर सांगितले, त्याची वाट एका डॉक्टरच्या बारीक नजरेने आणि नऊ घराण्यांनी मोकळेपणे दिलेल्या माहितीने पंचवीस वर्षे आधी दाखविली होती. त्या कुटुंबांनी "आमच्याकडे असे काही नाही" म्हणून दार लावून घेतले असते, तर वाडियांची विद्वत्ता तरी काय करणार होती?

भूमिगत पाण्याप्रमाणे

आपल्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सर्वांनी पाहिलेला आहे. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी ही पाण्याची योजना झाली. वरून पाहणाऱ्याला ओळीने सुट्या सुट्या विहिरी दिसतात; खाली उतरल्यावर समजते की सर्वांतून एकच प्रवाह वाहतो आहे. घराण्यातील रोगाचेही असेच आहे. खांडव्याचा चुलता, भुसावळची आत्या आणि घरातील थोरला मुलगा यांची दुखणी वरून निराळी दिसतात. खालचा प्रवाह एकच आहे की काय, हे सर्वांची माहिती एकत्र केल्यावाचून कळत नाही.

हा प्रवाह मुख्यतः दोन रीतींनी वाहतो. पहिल्या रीतीत आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेले सदोष जनुक पुरेसे होते. मग मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला ते मिळण्याचा संभव निम्मा असतो. एस. सी. ए. २ या रीतीचा आहे, आणि त्यात पुढच्या पिढीला रोग कधीकधी आधीच्या वयात गाठतो. दुसऱ्या रीतीत आईबाप दोघेही धडधाकट असतात. पण दोघांकडेही एकेक सदोष जनुक असते, आणि ती दोन्ही एकत्र आलेल्या अपत्याला रोग होतो. असा संभव प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक असतो. जवळच्या नात्यात, म्हणजे मामाच्या अगर आत्याच्या घरी सोयरीक झाली, तर दोघांकडेही तेच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की, "सुनेच्या पायगुणाने घरात रोग आला" हे बोलणे किती अज्ञानाचे व अन्यायाचे आहे.

असाध्य म्हणण्याची घाई नको

घरात चालणारा रोग म्हणजे उपाय नाहीच, अशी समजूत फार पसरलेली आहे. तीच सर्वांत घातक होय. 'विल्सनचा रोग' हे याचे ठळक उदाहरण. डॉ. किनियर विल्सन यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. यात शरीरातील जादा तांबे बाहेर न पडता यकृतात व मेंदूत साठत जाते. शाळकरी किंवा तरुण वयात हात थरथरतात, बोलणे अडखळते, अभ्यास घसरतो, स्वभाव बदलतो. पुष्कळदा त्याला हट्टीपणा किंवा वेड समजतात. १९५६ साली डॉ. वॉल्श यांनी पेनिसिलामीन हे साठलेले तांबे बाहेर काढणारे औषध पुढे आणले. आज त्याच्या जोडीला ट्रायएन्टीन व जस्ताची औषधे आहेत. ती जन्मभर घ्यावी लागतात. पण वेळेवर सुरू झाली तर रोगी शिकतो, कमावतो, संसार करतो. भारतातील सोळा कुटुंबांतील या रोगाचा अभ्यास डॉ. दस्तूर, डॉ. मंघानी व डॉ. वाडिया यांनी मुंबईहून १९६८ साली प्रसिद्ध केला होता. तेव्हा हा रोग आपल्याकडचा नव्हे असे कोणी म्हणू नये.

या रोगात नेत्रतज्ज्ञाला विशिष्ट दिव्याच्या यंत्राखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी कडे दिसू शकते, आणि रक्त-लघवीच्या तपासण्यांनी निदानाला बळकटी येते. एका मुलाला हा रोग निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी, ती कितीही ठणठणीत दिसत असली तरी, ताबडतोब करावी. कारण लक्षणे दिसण्यापूर्वीच औषध सुरू केले तर रोग डोके वर काढीत नाही. एक वर्ष लपविण्यात गेले तर दुसऱ्या मुलाचे आयुष्य जाते. एवढी किंमत यात गुंतलेली आहे.

डॉक्टरकडे कसे जावे

प्रथम, कोणत्या डॉक्टरकडे जावयाचे हे समजून घ्यावे. 'मेंदूचा डॉक्टर' या एका नावाखाली आपण तिघांना ओढतो. मनाचे विकार पाहणारे ते मानसोपचारतज्ज्ञ. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे ते न्यूरोसर्जन. आणि मज्जासंस्थेचे रोग तपासून ओळखणारे व औषध देणारे ते न्यूरॉलॉजिस्ट. अशा रोगात पहिली गाठ न्यूरॉलॉजिस्टची घ्यावी. त्यांतही सगळेच दुर्मिळ रोग रोज पाहत नाहीत. म्हणून "आपण या प्रकारचे रोगी पाहता काय? नसल्यास कोणाकडे पाठवाल?" असे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही. "मला हे पक्के सांगता येत नाही, अमक्यांकडे जा," असे सांगणारा डॉक्टर आपला वेळ व पैसा वाचवितो. त्याचा आदर करावा.

दुसरे, घरच्या डॉक्टरला सोडू नये. त्यांची चिठ्ठी व मागील सर्व कागद तारखेच्या क्रमाने लावून बरोबर न्यावेत. बुऱ्हाणपूरकरांना इंदूर जवळ आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापासून आरंभ करता येतो. मुंबईला जावयाचे तर रेल्वे दाराशी आहे, आणि परळचे के. ई. एम. रुग्णालय हे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ-रोग धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. मज्जारोगांसाठी बंगळूरची 'निम्हान्स' व दिल्लीची 'एम्स' या संस्था देशभर प्रसिद्ध आहेत. सरकारी धोरणातील आर्थिक साहाय्य ठरलेल्या रोगांपुरतेच असते. आपला रोग त्यात बसतो की नाही, हे केंद्रातच विचारावे.

तिसरे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे तीन पिढ्यांचा तक्ता. एका मोठ्या कागदावर आजी-आजोबा, आईबाप, काका, आत्या, मामा, मावशी व त्यांची मुले मांडावीत. बापाकडची बाजू लिहून आईकडची सोडू नये. प्रत्येकापुढे जन्माचे साल, हयात नसल्यास वय, दुखणे कोणत्या वयात व कसे सुरू झाले, आणि लग्न नात्यात झाले होते काय, एवढे लिहावे. रोगाचे नाव ठाऊक नसेल तर "चाळिशीत काठी लागली", "शेवटी घास अडकत असे" असे साध्या शब्दांत लिहावे; डॉक्टरला तेच हवे असते. गावी असलेल्या आजारी आप्ताला नेणे शक्य नसेल, तर त्याच्या संमतीने चालण्या-बोलण्याचे मोबाईलवर चित्रण करून न्यावे. शक्य तर घरातील एखादी वृद्ध स्त्री सोबत असावी. घराण्याचा इतिहास बहुधा तिलाच ठाऊक असतो.

चौथे, आधी डॉक्टर व मग चाचणी, हा क्रम मोडू नये. पुष्कळजण जाहिरात वाचून जनुकांची महागडी तपासणी परस्पर करून घेतात. एस. सी. ए. २ सारख्या रोगात जनुकातील तीन अक्षरांचा एक तुकडा गरजेपेक्षा अधिक वेळा लागोपाठ आलेला असतो. तो मोजण्याची चाचणी वेगळी असते. सर्वसाधारण जनुकतपासणीत तो सुटू शकतो. काय शोधावयाचे हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच चाचणी सांगावी.

पाचवे, निरोगी माणसाची तपासणी ही विचाराची बाब आहे. विल्सनच्या रोगात ती तातडीने करावी, हे वर सांगितलेच. पण ज्या रोगाला आज औषध नाही, त्यात सज्ञान व्यक्तीने जनुकीय सल्लागाराशी बोलून, स्वतःच्या इच्छेने ती करावी. लहान मुलांवर किंवा ठरत आलेल्या वधूवर ती लादू नये.

नाव कळल्याचा लाभ

"औषध नाही, तर नाव कळून काय उपयोग?" असे विचारणारे भेटतात. उपयोग पुष्कळ आहे. निरुपयोगी इंजेक्शने, अंगारे व कर्ज थांबते. व्यायामाने तोल सांभाळण्याचे, बोलण्याचे व घास न अडकता गिळण्याचे शिक्षण मिळते. काठी योग्य वेळी हाती येते व पडून हाड मोडणे टळते. 'दारुड्या' ही शिवी पुसली जाते. पुढच्या पिढीला डोळे उघडे ठेवून लग्नाचा व मुलाबाळांचा विचार करता येतो. एखादे नवे औषध निघाले, तर कोणत्या दारावर जावयाचे हेही माहीत असते.

यात अडसर आहे तो भयाचा. "बाहेर कळले तर मुलीचे लग्न कसे होईल?" हे भय खोटे नाही, आणि ते एका कुटुंबाने एकट्याने दूर करण्याजोगेही नाही. ते काम समाजाचे आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे दुखणे असेल, तर त्याची चर्चा ओट्यावर न करता त्याच्याबरोबर इंदूरला किंवा मुंबईला जाण्यास एक माणूस निघाला पाहिजे. संस्थेचे सभासद असण्याचा याहून चांगला अर्थ आम्हांस ठाऊक नाही.

येत्या पितृपंधरवड्यात राजघाटावर जाण्यापूर्वी वडीलधारी मंडळी नावांचा कागद काढतीलच. त्या वेळी त्याच कागदावर प्रत्येक नावापुढे एकेक ओळ दुखण्याची लिहावी, आणि तो कागद घरच्या मुलांना दाखवून कपाटात जपून ठेवावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.