तुडतुड्याची नवी जात कशी ठरते, व शेतकऱ्याचा तिच्याशी संबंध काय?

धानाची चूड हातात धरून हलविली असता तिच्या बुडाशी बसलेले जे बारीक तपकिरी किडे टुणकन् उडून शेजारच्या चुडीवर जातात, त्यांस आपण सरसकट ‘तुडतुडे’ म्हणतो. रोजच्या बोलण्यास एवढे नाव पुरते. परंतु या एका नावाखाली आपण किती निराळे जीव जमा केले आहेत, याचा विचार सहसा होत नाही. आमची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. एकाच नावाचे दोन इसम चुकून एका खात्यावर चढले, किंवा एकाच इसमाची दोन नावांनी दोन खाती झाली, म्हणजे केवढा घोटाळा माजतो हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. कीटकांच्या दप्तरातही हेच दोन घोटाळे होतात. ते कसे निस्तरतात हे सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कूळ पाहू. धानावरील हिरवे तुडतुडे एका कुळाचे, तर तपकिरी व पांढऱ्या पाठीचे तुडतुडे दुसऱ्या कुळाचे. हिरव्या तुडतुड्याच्या मागल्या नडगीवर काट्यांच्या रांगा असतात. तपकिरी तुडतुड्याच्या नडगीच्या टोकाशी एक हलणारी आरी असते व त्याच्या मिशा डोळ्यांच्या खालच्या बाजूस फुटलेल्या असतात. किडा अवघा ३ ते ५ मिलिमीटर लांब; तथापि साध्या भिंगाखाली ही खूण दिसू शकते. या आरीवाल्या कुळासह त्याच्या सर्व भाऊबंदांच्या मिळून जगात १२,००० हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या असून दरवर्षी त्यांत नव्यांची भर पडते.

आता नवी जात ठरविण्याची रीत. नुसता रंग पाहून भागत नाही. एकाच आईच्या पिलांत काही लांब पंखांची, तर काही आखूड पंखांची निपजतात. वरवर पाहणारा त्यांस दोन जाती समजेल. म्हणून अभ्यासक डोके, शिरा व पायांवरील काटे मोजतो आणि शेवटी नराच्या जननेंद्रियाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिचे चित्र काढतो. कारण जवळच्या जातींतील भेद बहुधा तेथेच स्पष्ट होतो. मग पूर्वी नोंदलेल्या जातींशी ताडून पाहावयाचे, आणि कोणाशीच मेळ न बसल्यास वर्णन छापून नाव द्यावयाचे. ज्या एका किड्यावरून नाव दिले, तो ‘मूळ नमुना’ म्हणून संग्रहालयात जपून ठेवतात. शेताच्या हद्दीचा दगड जसा, तसाच हा नमुना. पुढे वाद निघाला, तर त्याच्यापाशीच यावे लागते.

आपल्या तपकिरी तुडतुड्याचीच नोंद पाहा. स्टॉल नामक स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने जावा बेटावरील नमुन्यावरून १८५४ साली त्याचे वर्णन केले व त्यास ‘डेल्फॅक्स लुजेन्स’ असे नाव दिले. पुढे १९०६ साली डिस्टंट या इंग्रज शास्त्रज्ञाने सिंहलद्वीपातील एका तुडतुड्यास नवा समजून ‘निलापर्वत ग्रीनी’ असे नाव दिले. कालांतराने दोन्ही किडे एकच ठरले. एका खातेदाराची दोन खाती झाली होती! प्राणिशास्त्राचा नियम असा की, जातीचे आधीचे नाव कायम राहावे. त्याप्रमाणे ‘लुजेन्स’ टिकले. मात्र गण डिस्टंटचा योग्य ठरल्यामुळे हल्लीचे नाव ‘निलापर्वत लुजेन्स’ असे आहे. गण बदलला म्हणून स्टॉलचे नाव कंसात लिहितात. तो कंस म्हणजे फेरफाराची नोंदच होय. ‘लुजेन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘शोक करणारा’. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय असेल ते असो. ज्याची बांधी या किड्याने बसविली, त्यास ते नाव खोटे वाटणार नाही.

दुसरा घोटाळा याच्या उलट. लिर्सिया नावाचे एक पाणथळ गवत धानाच्या खाचरांलगत वाढते. त्यावर राहणारे तुडतुडे दिसण्यात धानावरच्या तुडतुड्यांसारखेच. परंतु हे किडे पोट थरथरवून देठातून एकमेकांस साद घालतात, व गवतावरच्या नराची साद धानावरच्या नराहून वेगळी असते. क्लॅरिज व त्यांचे सहकारी यांनी १९८५ साली हा भेद मांडून, या दोन वेगळ्या जाती मानाव्या असे प्रतिपादन केले. डोळ्यांस जे एक दिसले, ते सादेवरून दोन निघाले. सबब, धुऱ्यावरच्या गवतात तुडतुडे दिसले एवढ्यावरून ते धानावर उतरतीलच असे समजून तेथे औषध मारणे शहाणपणाचे नव्हे. त्याच गवतात त्यांस खाणारे कोळीही राहतात.

आता आमच्याच चुकीची हकीकत. काही वर्षांपूर्वी आश्विनात, लोंबी भरण्याच्या वेळी, आमच्या बांधीत धान गोल चट्ट्यांनी वाळू लागले. शेजाऱ्यांनी करपा म्हटले, आम्हीही करपा म्हटले, आणि दुकानातून करप्याचे औषध आणून मारले. आठ दिवस गेले. चट्टे वाढून एकमेकांस भिडले, तेव्हा कोठे आम्ही वाकून चूड फाकली. बुडाशी तुडतुडे खचाखच बसलेले! निम्मी बांधी हातची गेली. उभ्या जन्मात कागद पाहिल्यावाचून ज्याने कधी सही केली नाही, त्याने कीड पाहिल्यावाचून रोगाचे नाव घेतले. याचा दोष आम्ही दुसऱ्या कोणास देत नाही.

म्हणून वाचकांस आमच्या सूचना अशा :

१. धान फुटव्यावर आल्यापासून आठवड्यातून एकदा तरी चुडी फाकून बुडाशी पाहावे. दर चुडीस ५ ते १० तुडतुडे आढळल्यास उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे.

२. लागवड दाट करू नये. अधूनमधून मोकळे पट्टे ठेवावे. नत्र खताचा अतिरेक टाळावा. कीड दिसताच बांधीतील पाणी काही दिवस काढून टाकावे.

३. कोळी व तुडतुड्यांची अंडी खाणारे हिरवे मिरीड ढेकूण यांस मारू नये. कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांनी हे मित्र मरतात व तुडतुडे पूर्वीहून अधिक वाढतात.

४. अनोळखी किडा आढळल्यास चिरडू नये. लहान कुपीत स्पिरिट घालून त्यात पाच-दहा किडे टाकावे. गाव, तारीख, पीक व गोळा करणाऱ्याचे नाव शिसपेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कुपीतच घालावी. शाई स्पिरिटात विरघळते. कुपी जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात द्यावी.

चिठ्ठीविना किडा म्हणजे सर्व्हे नंबराविना जमीन. त्याचा कोणास उपयोग नाही. उलट, नीट चिठ्ठी लावलेला एखादा किडा उद्या नव्या जातीचा मूळ नमुनाही ठरू शकेल. तसे न झाले तरी आपल्या बांधीत खाणारा कोण आहे, हे तरी वेळेवर कळेल. आणि आमच्यासारखी निम्मी बांधी गमावून ते शिकण्याची पाळी वाचकांवर येणार नाही.