कर्जाचा हप्ता आणि संसाराची शिल्लक : एक छोटा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला 'संपत्ती'ची व्याख्या आम्ही सर्वांनी वहीत उतरवून घेतली. मला मात्र तिचा अर्थ कळला तो दादा-वहिनींच्या हिशेबाच्या वहीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी दादाची आणि माझी ही पहिलीच पिढी. आपल्या वर्गातील अनेकांच्या घरी आज शैक्षणिक कर्ज आहे किंवा उद्या काढावे लागणार आहे. म्हणून हा विषय निवडला.

भारतीय बँक संघाने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना २००१ मध्ये आखली. तिच्यानुसार ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, मात्र पालक सहकर्जदार होतात. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. या सवलतीमुळे आम्हा मंडळींचा एक गोड गैरसमज होतो. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असे आम्हाला वाटते. वस्तुतः त्या काळात सरळव्याज चढत असते व हप्ते सुरू होताना ते मुदलात मिसळते.

दादाने २०१७ साली अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाख उचलले. दर बदलता असतो, पण हिशेबासाठी तो १० टक्के धरू. पहिल्या लाखावर ५ वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार आणि चौथ्यावर २० हजार, असे एकूण व्याज १ लाख ४० हजार झाले. २०२२ मध्ये कर्ज उभे राहिले ते ५ लाख ४० हजारांचे. तो आकडा ऐकून आबा खाली बसले. सावकाराच्या वहीतली भाषा त्यांना ठाऊक होती. बँकही तीच बोलते की काय, असे त्यांना वाटले असावे.

त्याच वर्षी दादाचे लग्न झाले. वहिनी परिचारिका आहे. तिच्या माहेरून निरोप आला, "आमच्या पोरीचा पगार तुमच्या पोराच्या कर्जात जायला नको." हे बोलणे घरात सर्वांना लागले. पण मला वाटते, प्रश्न रास्त होता. लग्नाआधीचे कर्ज कोणाचे?

वहिनीने भांडण न करता वही उघडली. एका बाजूला जवळ असलेले लिहिले : बँकेतील शिल्लक ६२ हजार, दोघांचा भविष्यनिर्वाह निधी ४० हजार. दुसऱ्या बाजूला देणे : ५ लाख ४० हजार. वजाबाकी केली तर उत्तर आले उणे ४ लाख ३८ हजार. दोन पगारांचा संसार, आणि संपत्ती शून्याच्याही खाली! "आधी शून्यापर्यंत तर येऊ," ती म्हणाली.

येथे अभ्यासाचा मुख्य मुद्दा येतो. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता बसतो महिना सुमारे ७,१३६ रुपये. पहिल्या हप्त्यातील ४,५०० व्याजात जातात आणि मुद्दल फिटते फक्त २,६३६. पण त्यांनी दरमहा ९,५०० भरायचे ठरविले. वरचे २,३६४ सरळ मुदलात गेले, म्हणजे पहिल्याच महिन्यात ५,००० मुद्दल कमी झाले. मुद्दल जितके कमी झाले, तितकी संपत्ती वाढली. अशाने १२० ऐवजी ७८ हप्त्यांत कर्ज फिटते आणि व्याजाचे सुमारे १ लाख २१ हजार वाचतात. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीपूर्वी परतफेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये मनाई केली, म्हणून हे शक्य होते.

मग बचत थांबवावी काय? दादाचे मत तसेच होते. वहिनीचे नव्हते. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचा दर एप्रिल २०२० पासून पुढची पाच वर्षे ७.१ टक्के होता. १० टक्क्यांचे कर्ज ठेवून तेथे पैसे घालणे तोट्याचे, हे तिलाही पटले. परंतु घरात आजारपण आले, हप्ता चुकला, तर बँक आबांकडे येणार. म्हणून तीन महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढला. नोकरीतील निधीलाही हात लावायचा नाही, कारण तेथे आपल्या वाट्याबरोबर मालकाचाही वाटा पडतो. आणि तिसरी ओळ वहिनीने ठळक अक्षरांत लिहिली : माझ्या आईला दरमहा २ हजार. ती ओळ दादाने कधी खोडली नाही. माहेरच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर हेच, असे मी समजते. कर्ज दोघांचे, तशी दोन्हीकडची आईही दोघांची.

सोने झाले नाही, दुचाकी जुनीच राहिली, दिवाळीला वाद झाले. 'ऋण काढून सण' नको असे म्हणणे सोपे असते, पण पाळताना डोळ्यांत पाणी येते. तरी असेच हप्ते गेले, तर २०२९ च्या संक्रांतीला कर्ज संपेल. मग हेच ९,५०० दरमहा शिल्लक पडतील. हप्त्याची लागलेली सवय हेच त्यांचे खरे भांडवल, असे मला वाटते.

आता माझ्याविषयी. बारावीनंतर आबा म्हणाले होते, "पुन्हा बँकेची पायरी नको." माझ्या कला शाखेत येण्यामागे आवडीइतकीच ही भीतीही होती, हे प्रांजळपणे सांगते. मला एम. ए. करायचे आहे, तेही मोठ्या शहरात. परवा मी आबांपुढे वही ठेवली. १ लाखाचे वर्षाचे व्याज १० हजार, म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. शिकत असतानाच ते भरले, तर मुदलात काहीच मिसळत नाही. काही बँका त्यासाठी दरात थोडी सूटही देतात. दोन मुलांच्या शिकवणीत तेवढे मी मिळवू शकते.

आबांनी वही बराच वेळ पाहिली. त्यांना वाचता येत नाही, आकडे मात्र येतात. शेवटी म्हणाले, "हे ८३३ दर महिन्याला मला दाखवायचे."

मी हो म्हटले आहे.