गॅसकडून विजेकडे : हिशेब आधी, शेगडी शेवटी



ऊसबिलाचा हप्ता हाती आला की घरात एखादी नवी वस्तू येते. हल्ली या यादीत इंडक्शन शेगडी आणि गिझर वर आले आहेत. गटसभांना गेलो की तोडीच्या पाळीइतकाच हाही प्रश्न आम्हाला विचारला जातो : "सोलरला सरकार पैसे देतंय म्हणतात, मग गॅस बंद करून सगळं विजेवरच घ्यावं का?" म्हणून या अंकात हा धडा.

आमचे उत्तर असे की, घ्यावं, पण क्रमाने घ्यावं. आडसाली लागण करायची म्हणजे आपण आधी बेणं आणून बांधावर टाकत नाही. आधी रान बघतो, विहिरीचे पाणी बघतो, खताचा खर्च मांडतो आणि मग बेण्याकडे वळतो. इथेही शेगडी म्हणजे बेणं, तिची पाळी शेवटची.

१. एका टाकीला वीज किती?

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. त्यातली सगळी उष्णता मोजली तर ती साधारण १८० युनिट विजेइतकी भरते. पण गॅसच्या शेगडीवर तिचा तिसरा हिस्सा भांड्याच्या बाजूने उडून जातो. इंडक्शन शेगडीवर वाया जाणारी उष्णता बरीच कमी असते. ही तूट-वाढ धरली तर एका टाकीचे काम करायला सुमारे १४० युनिट वीज लागते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

आता आपले वीजबिल हातात घ्या. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि १०० युनिटांच्या पुढचा दर पहिल्या शंभराच्या मानाने बराच जड आहे. समजा तुमच्या घरी आज १०० युनिट जळतात. शेगडीचे युनिट त्यावर चढणार, म्हणजे ते सगळे महाग टप्प्यात पडणार. तिथला दर सगळे आकार धरून १० रुपये पडला, तर १४० युनिटांचे १,४०० रुपये झाले. टाकी ९०० रुपयांची धरली तर दरमहा ५०० रुपयांचा खड्डा! उज्ज्वला योजनेचे अनुदान ज्यांना मिळते, त्यांचा खड्डा आणखी मोठा.

सोपा ताळा असा : टाकीच्या पावतीवरच्या रकमेला १४० ने भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा युनिट महाग पडत असेल, तर नुसती शेगडी घेणे तोट्याचे आहे.

२. छतावरची वीज आणि तिचे अनुदान

हा खड्डा भरून काढते ती छतावरची वीज. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली असून तिची मुदत २०२६-२७ पर्यंत ठेवली आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. तीनच्या पुढे कितीही पॅनेल लावली तरी अनुदान तेवढेच.

एक किलोवॅटला छतावर साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. आपल्या भागात वर्षाची सरासरी काढली तर त्यातून महिन्याला ११० ते १२० युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. दिवसाची वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री आपण तारेतली वापरतो आणि नेट मीटर दोन्हीची वजाबाकी करतो. मात्र वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना फारच कमी दर मिळतो. तेव्हा वीज विकून पैसा कमवू, या भ्रमात राहू नका. लागेल तेवढेच बसवा.

वरच्याच घराचा हिशेब पुढे नेऊ. चुलीचे तीन हिस्से काम विजेवर नेले आणि एक हिस्सा गॅसवर ठेवला, तर १०५ युनिट वाढले. आधीचे १०० धरून २०५ झाले. म्हणजे दोन किलोवॅट पुरे. कोटेशन १,३०,००० रुपयांचे आले असे धरू. अनुदान ६०,००० वजा जाता आपले ७०,००० रुपये. विजेचे आणि गॅसचे मिळून दरमहा १,३०० रुपये वाचले, तर साडेचार वर्षांत मुद्दल फिटते. तुमच्या कोटेशनने हे आकडे बदलतील, पण मांडणी हीच ठेवा.

अंघोळीचे पाणी यात धरलेले नाही, बरं का. १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला रोज अडीच युनिट, म्हणजे महिन्याला ७५ युनिट लागतात. गिझर घ्यायचा असेल तर तो आजच हिशेबात धरा.

३. कागद आणि पैसा

अनुदान आधी मिळत नाही. काम पूर्ण होऊन नेट मीटर बसला आणि तपासणी झाली, म्हणजे ते बँक खात्यात जमा होते. तोवर पूर्ण रकमेची सोय आपणच करायची. या योजनेसाठी बँकांकडून तारणाशिवाय कर्ज मिळते, त्याची चौकशी आधी करावी.

दुसरे, वीजमीटर कोणाच्या नावावर आहे ते बघा. पुष्कळ घरांत मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. शेअर्सची वारस नोंद आपण करतो, तशी मीटरचीही करून घ्यावी लागते. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा आणि काम नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच घ्यायचे. त्याच्याकडून पाच वर्षांची देखभाल लेखी घ्या.

४. तार, अर्थिंग आणि फीडर

आमच्याच एका सभासदाच्या घरी दिवाळीत शेगडी आली. मोबाईल चार्ज करायच्या पिनला ती जोडली. चौथ्या दिवशी पिन वितळली आणि तार काळी पडली. सूनबाईंनी वेळीच मेन स्विच पाडला म्हणून निभावलं. दोन हजार वॅटची शेगडी आठ-नऊ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरची पिन, जाड तार आणि चांगले अर्थिंग पाहिजेच. बिलावरचा मंजूर भारही तपासा आणि कमी असेल तर वाढवून घ्या.

वस्तीवर राहणाऱ्यांना विशेष सूचना. नेट मीटरवरचे सोलर तारेत वीज असेल तेव्हाच चालते. लाईट गेली की भर उन्हातही ते बंद पडते, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून तशीच रचना असते. तेव्हा शेतीच्या फीडरवरून तुटक वीज येणाऱ्या वस्तीने या योजनेत पैसा घालण्याआधी चार वेळा विचार करावा.

५. शेगडी

आता शेगडी आणा. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला, तरच ते भांडे इंडक्शनवर चालते. ॲल्युमिनियमची पातेली आणि तांब्याचे तपेले चालत नाही. कुकर, दूध, चहा, आमटी आणि भात यांना ही शेगडी उत्तम. पण भाकरी तव्यावरून काढून जाळावरच फुगते. म्हणूनच वर एक हिस्सा गॅस ठेवला आहे. गॅसजोडणी परत करू नका. अवेळी लाईट गेली तर घर उपाशी राहता कामा नये.

शेवटी एक सांगतो. हा हिशेब एकट्या कारभाऱ्याने ओट्यावर बसून करू नये. टाकी किती दिवस पुरते, कोणता पदार्थ कशावर होतो, हे घरच्या बाईलाच नेमकं ठाऊक असतं. दोघांनी मिळून मागच्या बारा महिन्यांची बिले आणि टाक्यांच्या पावत्या काढा, कागदावर मांडा आणि मगच पुरवठादाराला छतावर चढू द्या.