परतीची वाट आपली हवी

जूनमधल्या एका रविवारी सकाळी अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनबाहेर आम्ही सातजण उभे होतो आणि एकमेकांना झाडांवरून ओळखत होतो. "तुम्ही डोंबिवलीच्या सोनचाफावाल्या ताई ना?" "अय्या, म्हणजे तुम्ही कढीपत्त्यावाल्या!" गच्चीवर, खिडकीत, जिन्याच्या कोपऱ्यात बाग करणाऱ्यांचा आमचा ऑनलाइन ग्रुप होता. तीन वर्षं रोजचं बोलणं, पण चेहरे कोणी कोणाचे पाहिलेले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा भेटलो. संध्याकाळी घरी परतले तेव्हा माझ्या खात्यातून एकवीस हजार रुपये गेले होते. त्या दिवसानं मला एक माणूस खोटा दाखवला आणि एक माणूस खरा. दोन्ही सांगते, कारण अशा भेटी आता घरोघरी ठरतात.

बोलावणं आलं होतं ग्रुपमधल्या 'दादां'कडून. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की निंबोळी अर्क किती आणि कधी मारायचा, हे विचारायला सगळे त्यांच्याकडे जायचे. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा रोज सकाळी त्यांचा मेसेज यायचा, "ताई, आई कशा आहेत?" घरच्या माणसांनीही इतकं नेमानं विचारलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी "माझ्या वाडीत जांभळं पडायला लागलीत, सगळ्यांनी जांभूळला या" असं लिहिलं, तेव्हा मी कसलाच विचार केला नाही.

जांभूळ या गावाचं नाव आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. बारवी धरणाचं पाणी शुद्ध करणारं एमआयडीसीचं केंद्र तिथे आहे, त्यामुळे पाणी बंद असल्याच्या बातमीत जांभूळचं नाव हमखास येतं. शिवाय बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं. जांभूळला जाऊन झाडाखालची जांभळं वेचायची, या कल्पनेनंच आम्ही हरखलो होतो.

दादांनी दोन इको गाड्या पाठवल्या होत्या. ते स्वतः "पुढे तयारीला" गेले होते. गाडीत बसताना घरी एवढंच कळवलं, "पोचले, निघतोय." कुठल्या वाडीत, कोणाच्या गाडीतून, परत कसे येणार, यातलं काही मलाच माहीत नव्हतं. गावाचा रस्ता सोडून गाडी कच्च्या वाटेला लागली. चाकं चिखलात रुतत होती. मोबाईलची रेंज एका काडीवर आली होती.

जांभळाचं झाड होतं, खरंच होतं. खाली जांभळ्या डागांची चादर पसरली होती. पण त्याच्या शेजारी मांडव होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि टेबलावर एक मोठा नकाशा पसरलेला होता. त्यावर चौकोन आखून आकडे टाकलेले. आमच्या ओळखीचे नसलेले पाच-सहाजण आधीच बसले होते. "आपल्यासारख्या झाडवेड्या माणसांची वसाहत करायची माझी फार दिवसांची इच्छा आहे," दादा म्हणाले. मी त्यांना विचारलं, "हे झाड किती वर्षांचं असेल हो?" ते झाडाकडे न बघताच म्हणाले, "असेल पाच-सात." मला दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढा त्याचा बुंधा होता. तिथेच मला कळायला हवं होतं.

मग पाऊस आला. सगळे मांडवात दाटीनं उभे राहिलो. दादांनी नकाशावर बोट ठेवलं. "ताई, हा सतरा नंबर तुमच्यासाठी ठेवलाय. जांभळाचं झाड यात येतं. आईच्या नावानं बाग करा." आईचं नाव निघालं आणि माझा घसा दाटला. टोकन एकवीस हजार, बाकीचं सावकाश. गाड्यांचे ड्रायव्हर दिसत नव्हते. "बोलणं झालं की सोडतील," असं उत्तर मिळत होतं. नाही म्हटलं तर इतक्या दिवसांच्या मायेचा अपमान होईल असं वाटत होतं आणि नाही म्हणून जायचं तरी कुठे? मी पैसे पाठवले. आमच्यातल्या चौघांनी पाठवले.

सोनचाफावाल्या ताईंनी नाही पाठवले. त्या शांतपणे म्हणाल्या, "कागद बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही. आणि मला चालता येतं." त्यांनी छत्री उघडली, माझा हात धरला आणि आम्ही त्या चिखलातून निघालो. तासभर चाललो असू. गावात एका घराच्या ओटीवर बसलो. त्या माउलीनं चहा दिला आणि ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन लावून दिला. रिक्षात ताई एवढंच म्हणाल्या, "घरी गेल्यावर पोचल्याचं कळवा हं." तीन वर्षं जिच्या फक्त फुलांचे फोटो पाहिले, ती बाई मला त्या दिवशी भेटली.

आठवड्यानं भाच्यानं महाभूलेख या सरकारी साइटवर त्या जमिनीच्या गटाचा सातबारा काढला. जमीन शेतीची, वारसांची नावं ओळीनं बारा आणि त्यात दादांचं नाव कुठेच नाही. मी फोन केला तेव्हा ते ग्रुपमधून बाहेर पडले होते. लोकांना काय सांगू, या शरमेनं मी आणखी तीन आठवडे गप्प बसले. तक्रार केली तेव्हा उशीर झाला होता.

आता ज्यांना अशी पहिली भेट घ्यायची आहे, त्यांना हात जोडून सांगते.

परतीची वाट आपल्या हातात ठेवा. बाकी सगळं यातूनच निघतं. पहिली भेट अशा जागी असावी जिथून कोणालाही न विचारता, कोणाच्याही गाडीची वाट न बघता उठून निघता येईल. दिवसाउजेडी, वर्दळीत, स्टेशनच्या जवळ. अंबरनाथला यासाठी 1060 सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराचं आवार आहे. प्रत्येक गावात स्टेशनजवळचं एखादं हॉटेल असतं. वाडी, फार्महाऊस, नदीकाठ हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी ठेवा. पावसाळ्यात तर आमच्या भागात ही काळजी दुप्पट हवी. 26 जुलै 2005 चा महापूर आम्ही विसरलेलो नाही. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. गाडीत बसलेल्यांची ही गत, तर अनोळखी रानात, अनोळखी माणसांबरोबर आपण काय करणार?

जायच्या आधी आवाज ऐका, चेहरा बघा. व्हिडिओ कॉलला दहा मिनिटं लागतात. लिहिण्यात माणूस विचार करून, निवडून बोलतो. समोरासमोर प्रश्न विचारला की तो गडबडतो का, हे कळतं. पूर्ण नाव, गाव, काम विचारण्यात काही गैर नाही. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत सात पिढ्या विचारतात, इथे नाव विचारायला का लाजायचं? आणि घरी एका माणसाला लिहून द्या: कोणाला भेटणार, कुठे, त्यांचा नंबर काय, किती वाजेपर्यंत परत. मोबाईलवरचं लाइव्ह लोकेशन चांगलं, पण रेंज गेली की ते थांबतं. कागदावरचा पत्ता थांबत नाही.

अनेकजण मिळून भेटणार असाल तर जबाबदारी एकाच माणसावर ठेवू नका. 1996 साली सुरू झालेल्या 'मायबोली'च्या मंडळींचा 'ववि', म्हणजे वर्षाविहार, बघा. तिथे संयोजकांची टीम असते, नावनोंदणी होते, वर्गणी कशाची ते आधी सांगितलेलं असतं. एकमेकांना न पाहिलेली माणसं तिथे कुटुंबासकट भेटली आणि जन्माची झाली. मोकळेपणा आणि शिस्त एकत्र नांदू शकतात.

पहिल्या भेटीत व्यवहार नको. कसलाच नको: उसने, वर्गणी, गुंतवणूक, टोकन. चहाचे पैसे आपले आपण द्यावेत. जमिनीचा विषय निघाला तर "सातबारा आणि फेरफार पाठवा, वकिलांना दाखवून सांगते" हे एक वाक्य पाठ करून ठेवा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा सरळ विकत घेता येत नाही, आणि गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडण्यावर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची बंधनं आहेत. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर नकाशावरचे चौकोन बघूनच मी उठले असते. जो माणूस आपल्या दुःखाचा आधार घेऊन पैसे मागतो, त्याच्यापासून तर दोन पावलं मागेच व्हा.

आणि फसलात तर त्याच दिवशी बोला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या नंबरवर लगेच फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. प्रसंग अंगावर आला असेल तर 112. शरम फसवणाऱ्याला वाटायला हवी. माझे पैसे त्या एकवीस दिवसांच्या गप्प बसण्यात बुडाले.

हे वाचून कोणी अशी मैत्रीच नको म्हणेल, तर तसं करू नका. लिहून झालेली मैत्री काही खोटी नसते. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांची मैत्री पत्रांतून फुलली, ती 'प्रिय जी. ए.'मध्ये आजही वाचता येते. एकट्या राहणाऱ्या, घरात अडकलेल्या कितीतरी बायकांना पडद्यापलीकडच्या दोन शब्दांनी दिवस काढायचं बळ दिलं आहे. मलाही दिलं. म्हणूनच ती मैत्री प्रत्यक्षात आणताना तिला नीट जागा द्यायला हवी.

सोनचाफावाल्या ताई आणि मी आता दर जूनमध्ये भेटतो. यंदाही बदलापूर स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडून पानाच्या द्रोणात जांभळं घेतली आणि फलाटावरच्या बाकावर बसून खाल्ली. जिभा जांभळ्या झाल्या. त्यांनी मला सोनचाफ्याचं कलम दिलं, मी त्यांना कढीपत्त्याचं रोप. कल्याणकडे जाणारी लोकल लागली तशा त्या उठल्या. "पोचल्यावर कळवा," मी म्हणाले. गाडी सुटल्यावर मी कलम सांभाळत पुलावरून पूर्वेला उतरले आणि चालत घरी आले.